नजरेखाली ठेवा

पहिला माणूस माझ्या हातून गेला तो दुपारी, जेवणं आटोपल्यावर, आमच्या हिच्या डोळ्यांदेखत. माणूस कॉम्प्युटरमधला होता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचा. पण मेला तो अगदी खऱ्यासारखा मेला. आधी कळवळला, मग काचेवरची हिरवी रेघ उड्या मारायला लागली, मग आडवी पडली, आणि कॉम्प्युटरच्या पोटातून एकच लांबलचक कर्कश आवाज यायला लागला. तो बंद कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. शेवटी मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. खोली एकदम शांत झाली. ही हातातलं फडकं तसंच धरून खुर्चीत बसली होती. मग उठली, म्हणाली, "मला नाही जायचं दवाखान्यात," आणि आत निघून गेली.

हा सगळा उपद्व्याप मी तिने दवाखान्यात जावं म्हणूनच केला होता, हे आता कुणाला सांगून पटणार?

हिच्या पोटात गाठ होती. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी ती पडद्यावर दाखवलीही होती, राखाडी ढगात एक काळा ढग. आज तरी साधी दिसते, म्हणाले, पण वाढते आहे. पिळली किंवा फुटली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही, तेव्हा लवकर काढून टाकू. खिडकीवरून तारीखही मिळाली. दवाखान्यात हिने शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन चप्पल काढता काढता सांगितलं की ती जाणार नाही. मरणाची भीती नव्हती तिला. तिचं म्हणणं एवढंच, की मला झोपवल्यावर ती माणसं माझं काय करतात ते मला दिसणार नाही. जिने आयुष्यात दूधवाल्याला नजरेआड माप टाकू दिलं नाही, तिने डोळे मिटून परक्याच्या हाती पोट द्यायचं! तिच्या बाजूने पाहिलं तर म्हणणं रास्तच होतं. गाठीच्या बाजूने पाहिलं तर नव्हतं.

यावर उपाय सुचवला वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. या वहिनींची बरीच ऑपरेशनं झालेली आहेत. लोक जसे आपण पाहिलेल्या गावांबद्दल बोलतात तशा त्या आपल्या टाक्यांबद्दल बोलतात, आणि समोरचा नको नको म्हणेपर्यंत एखाददुसरा दाखवूनही मोकळ्या होतात. इमारतीत सगळे त्यांना टाकेवाल्या वहिनी म्हणतात. त्या म्हणाल्या, भीती न दिसण्याची आहे ना, मग दाखवा की तिला. तुमच्या लेकीच्या कॉम्प्युटरमध्ये तो ऑपरेशनचा खेळ नव्हता का?

होता. लेक सासरी जाताना हा कॉम्प्युटर आमच्याकडे टाकून गेली होती. पाठीवर भलंमोठं कुबड असलेला, सुरू होताना दम्याच्या माणसासारखा धापा टाकणारा. लहानपणी लेकीला डॉक्टर व्हायचं होतं तेव्हा ती तो खेळ खेळायची. पुढे ती हिशेबनीस झाली, आणि ते का, हे मला आता आता कळायला लागलं आहे. तिने फोनवरून कुठली बटणं दाबायची ते सांगितलं. कशासाठी हवंय, असं विचारलं, तर मी म्हटलं, सहज.

मी जन्मभर पुस्तकं बांधली. पुठ्ठा, दोरा, सरस आणि सुरी. पुस्तकांच्या आत काय लिहिलंय ते वाचायला फार उशिरा शिकलो, तेही आपल्या अक्षरांतलं. पण सुरी कशी धरायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी हिला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, बघ, यात काही नसतं. शिवण उसवायची, आतलं खराब झालेलं पान काढायचं, परत शिवायचं. पुस्तक काय आणि पोट काय. आणि पडद्यावरची सुरी उचलून, बेंबीपाशी सरळ रेघ मारली. सरळ म्हणजे अगदी सरळ. कामात मी कधी तिरकी रेघ मारली नाही.

बाजूला एक बाटली होती. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. माणसाला झोपवायचं औषध त्या बाटलीत होतं, हे मला नंतर कळलं. त्या माणसालाही कळलं असणार, पण त्याआधी रेघ आडवी पडली.

तिसऱ्या दिवशी तारीख होती. ती आली आणि गेली. ही सकाळी उठून कपाट आवरायला बसली. आमच्या घरात जेव्हा जेव्हा कपाट आवरलं गेलं आहे तेव्हा तेव्हा माझा पराभव झालेला आहे. मी एकटाच दवाखान्याच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या कारकुनाने न आल्याचं कारण विचारलं. मी खरं सांगायला गेलो, कारण खोटं सांगायला आधी ठरवून यावं लागतं. म्हटलं, काय झालं, घरात एक माणूस गेला, आणि ते पाहून हिने... एवढ्यावर त्याने हात वर करून मला थांबवलं. चेहरा पाडला. म्हणाला, समजू शकतो. कागदावर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि पुढल्याला बोलावलं. त्याच्या चेहऱ्यावरची सहानुभूती मला इतकी बरी वाटली की मी दुरुस्ती केली नाही. सरकारी खिडकीत ती रोज मिळत नाही.

आता मी हट्टालाच पेटलो. हिच्यासमोर एक तरी माणूस जिवंत उठवून दाखवायचा, म्हणजे ही उठेल. पण इंग्रजीचं काय करायचं? म्हणून तळमजल्यावरून तारमास्तरांना बोलावलं.

तारमास्तर तार ऑफिसातून निवृत्त झाले त्याला पुष्कळ वर्षं झाली, तारही बंद झाली, पण त्यांच्या बोलण्यातली तार गेली नाही. प्रत्येक शब्द आपल्याच खिशातून जातोय असं बोलतात. जन्मभर लोकांना वाईट बातम्या वाचून दाखवल्यामुळे चेहरा मात्र कायमचा शांत झालेला आहे. ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि पडद्यावरची इंग्रजी वाचून मला सांगू लागले.

"रोगी पुरुष. पोटदुखी. तुमची वाट पाहतोय."

मी हात धुतले, म्हणजे पडद्यावर धुतले. मोजे चढवले. बाटली दिली, तो झोपला. रेघ ओढली, आत गेलो, एक शेपटासारखं होतं ते कापलं, आणि असा काही सुरेख टाका घातला की माझं मलाच वाटलं, याला वरून कापडी पाठ लावावी. हिरवी रेघ उड्या मारत होती. मी हिला हाक मारली. ही दारात आली. तेवढ्यात पडद्यावर एक टक्कल असलेला मोठा डॉक्टर आला आणि त्याच्या तोंडासमोर अक्षरं उमटली. तारमास्तरांनी वाचलं.

"पोटात फक्त वारा होता. ऑपरेशन विनाकारण. रोगी मयत. वर्गात हजर व्हा."

ही परत फिरली.

वर्गात हजर व्हा, म्हणजे खरोखरच पडद्यावर एक वर्ग आला. फळा, खडू, बाकं. ज्या वयात लोक बाकावरून उठतात त्या वयानंतर मी अक्षरं शिकायला पहिल्यांदा बाकावर बसलो होतो, आणि तो अपमान मी आनंदाने गिळला होता. पण तेव्हा निदान गुरुजी माझ्याशी नीट बोलायचे. हा टकलू फळ्यावर लिहायचा आणि तारमास्तर ते शांत चेहऱ्याने मला ऐकवायचे. "शिकाऊ डॉक्टर निष्काळजी. रोग्याला तपासलं नाही. लाज." मी विचारलं, लाज असं लिहिलंय? तर म्हणाले, लिहिलं नाही, अर्थ तोच.

त्यानंतर किती गेले ते मोजायचं मी सोडून दिलं. एक रक्त थांबलं नाही म्हणून गेला. एक मी आत वेळ लावला म्हणून गेला. एकाच्या पोटात मी चिमटा विसरलो. दुपारी चहाच्या वेळेला लोक जमायला लागले. इमारतीतले सगळे निवृत्त, आणि निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या चुकीइतकी करमणूक नाही. पहारेकरी दारातून बघायचा. टाकेवाल्या वहिनी टाका कसा असावा ते आपल्या उदाहरणासह सांगायच्या. कोणी म्हणायचं डावीकडून कापा, कोणी म्हणायचं आधी नाडी बघा. रेघ आडवी पडली की सगळे हळहळायचे, कप खाली ठेवायचे, आणि जिना उतरताना माझ्याविषयी हळू आवाजात बोलायचे. एकदा मी जिन्यात असताना पहारेकऱ्याने कुणाला तरी सांगितलेलं ऐकलं की दुसऱ्या मजल्यावरच्या बाइंडरच्या हाताला यश नाही. जन्मभर कमावलेल्या हाताबद्दल हे ऐकून घ्यायचं!

हिने मात्र त्या दिवसांत ऑपरेशनचा विषय काढला नाही. फक्त काम करताना मधेच थांबायची. ओट्याला हात टेकायची, श्वास धरायची, आणि मग पुन्हा सुरू व्हायची. मी बघितलं की म्हणायची, काय बघताय, तुमचे पेशंट सांभाळा.

एका दुपारी मी सुरी उचलली तेव्हा ती मागून म्हणाली, "त्याला विचारलंत का, कुठे दुखतंय?"

मी म्हटलं, अगं, तो चित्रातला आहे. तिने मला खुर्चीतून उठवलं. जन्मात माउसला हात न लावलेल्या बाईने तो उंदीर धरावा तसा बिचकत धरला, आणि पडद्यावरचा हात त्या माणसाच्या पोटावर ठेवला. इथे दाबलं. काही नाही. तिथे दाबलं. काही नाही. खाली दाबलं, तर तो जरासा कुरकुरला. तारमास्तर म्हणाले, खाली यादी आहे: औषध, एक्स-रे, ऑपरेशन, नजरेखाली ठेवा. ही म्हणाली, मग ठेवा नजरेखाली. एवढं कुणी पोट फाडतं का कुरकुरला म्हणून?

बटण दाबलं. खेळातली रात्र झाली, खेळातली सकाळ झाली. टकलू हसत आला.

"वारा होता. गेला. रोगी घरी गेला. निर्णय योग्य. अभिनंदन."

खोलीत टाळ्या पडल्या. मी माझ्याच घरात भिंतीला टेकून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिने दुसरा वाचवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरा. पद्धत तीच: पोट दाबायचं आणि नजरेखाली ठेवायचं. तिघेही आपल्या पायांनी घरी गेले. मी एवढं रक्त सांडून जे मिळवलं नव्हतं ते तिने सुरीला हात न लावता मिळवलं. टकलूने तिला पदक दिलं. मला तो अजून वर्गात पाठवत होता.

इथपर्यंत मी हसून घेतलं असतं. पण तिने त्यातून भलताच अर्थ काढला. ती म्हणाली, बघा, तुमच्या यंत्रानेच सांगितलं. ज्यांना कापलं ते सगळे गेले. ज्यांना सोडून दिलं ते सगळे जगले. आता याहून काय दाखवायचं राहिलं?

यंत्र मीच लावलेलं. साक्षीदार मीच जमवलेले. वकिलानेच आपल्या अशिलाविरुद्ध पुरावा गोळा करावा आणि मग त्याची सही घेऊन कोर्टात मांडावा, तसं झालं. मी म्हटलं, अगं, त्यांच्या पोटात वारा होता, तुझ्या पोटात गाठ आहे. ती म्हणाली, त्या टकल्याला तरी आधी कुठे माहीत होतं? लेकीला फोन केला तर लेक आधी माझ्यावर ओरडली आणि मग तिच्यावर, आणि मग दोघी रडल्या, आणि शेवटी ठरलं ते हे, की काही दिवस नजरेखाली ठेवू.

तो शब्द इमारतीत पसरला. बायका पोट घेऊन येऊ लागल्या. ही त्यांना आमच्या पलंगावर झोपवून दाबून बघायची आणि सांगायची, नजरेखाली ठेवा. पहारेकऱ्याची दाढ नजरेखाली ठेवली गेली. टाकेवाल्या वहिनींचा गुडघा नजरेखाली गेला. त्यांना प्रथमच एक दुखणं असं मिळालं की ज्यात कुणी टाका घालायला तयार नव्हतं, त्यामुळे त्या जरा नाराज होत्या. तारमास्तरांनी रक्तदाबाची गोळी बंद करू का असं हिला विचारलं, तेव्हा मात्र मी मधे पडलो. आमची ही या सगळ्यात खूश होती. आणि वाळत चालली होती. कपडे सैल झाले. जिन्यात दोनदा थांबायची. भाजी निवडताना एक हात कायम पोटावर, जसं काही आत कुणाला थोपटते आहे. मला ते दिसत होतं, आणि टकलूने दिलेल्या पदकापुढे माझं दिसणं टिकत नव्हतं.

चौथा पेशंट आला त्या दिवशी गर्दी नव्हती. आम्ही दोघं आणि तारमास्तर. पडद्यावर एक माणूस झोपलेला, आधीच्या तिघांसारखाच. हिने पोट दाबलं. वर काही नाही. डावीकडे काही नाही. उजवीकडे खाली दाबलं तेव्हा तो ओरडला. कुरकुरला नाही, ओरडला. त्या यंत्राला जेवढं ओरडता येतं तेवढा. हिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा तिथेच दाबलं, तो पुन्हा ओरडला.

मी म्हटलं, हा वेगळा वाटतो.

ती म्हणाली, सगळे आधी असेच करतात. आणि नजरेखाली ठेवला.

खेळातली रात्र झाली. सकाळ झाली. टकलू आला, पण हसत आला नाही. त्याच्या तोंडासमोर अक्षरं उमटली. आम्ही तारमास्तरांकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा मी त्या माणसाला अडखळताना पाहिलं. हजारो घरांच्या दारात उभं राहून ज्यांनी शांतपणे काय ते वाचून दाखवलं, ते चष्मा काढून पुसायला लागले.

"रोगी बरा," ते म्हणाले. "घरी गेला."

"मग चादर तोंडावर का आहे?" ही म्हणाली.

तारमास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. ही पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाचा ना. नीट वाचा. माझाच आहे तो."

तेव्हा त्यांनी वाचलं. तारेसारखं नाही, सावकाश, सगळे शब्द लावून. याच्या आतड्याचं शेपूट सुजलं होतं. ते वेळेत कापायला हवं होतं. ते रात्री फुटलं. तो वाचला असता.

ही उठली. मोरीत जाऊन हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. मी मागे गेलो. ती नळाकडे बघून म्हणाली, "त्याने मला सांगितलं होतं हो. दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही."

मी म्हटलं, चित्र होतं ते.

"उद्या त्या खिडकीवर जा," ती म्हणाली. "तारीख घ्या."

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण इथे तर खिडकी सुरू झाली. कारकुनाने कागद काढला, चेहरा पाडला, आणि सांगितलं की तुमच्या घरात मृत्यू झाल्यामुळे तुमचा नंबर मागे ठेवलेला आहे, आता पावसाळ्यानंतर. मी म्हटलं, घरात कुणी मेलेलं नाही. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हटलं, तो कॉम्प्युटरमधला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझं नाव आता दुसऱ्याच एखाद्या विभागात पाठवावं की काय अशा नजरेने. मग नियम सांगितला. एकदा मृत्यू लिहिला की खोडता येत नाही. खोडायचा असेल तर मृत्यू झाला नसल्याचा दाखला आणावा लागेल.

तो दाखला जिथे मिळतो असं त्याने सांगितलं त्या कचेरीत मी गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, कुणाचा मृत्यू झालेला नाही? मी म्हटलं, कुणाचाच नाही. त्या म्हणाल्या, असं मोघम चालत नाही, ज्याचा झाला नाही त्याचं नाव सांगा. मी माझं सांगितलं. तुमचा झाला नाही हे दिसतंच आहे, त्या म्हणाल्या, त्याला दाखला कशाला? मग हिचं सांगितलं. तर म्हणाल्या, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, त्यांना जिना चढवत नाही, म्हणून तर हा दाखला हवा आहे. त्या म्हणाल्या, मग त्या आजारी असल्याचा दाखला आणा. तारमास्तर माझ्याबरोबर आले होते. ते बाहेर आल्यावर म्हणाले, "इथे अर्थ नाही. थेट मुख्यालय गाठा."

मुख्यालय म्हणजे सर्जन. त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर मी दुपारभर बसलो. शिपायाने तीनदा उठवलं, तीनदा मी परत बसलो. डॉक्टर जेवायला बाहेर निघाले तेव्हा मी उभा राहिलो आणि काय ते एका दमात सांगितलं. खेळ, बाटली, वारा, कारकून, सगळं. माझ्या हातून बरेच गेले, तेही सांगितलं. म्हातारा माणूस मोठ्या डॉक्टरसमोर कबूल करतोय की आपण एकाच्या पोटात चिमटा विसरलो! शिपाई तोंडाला हात लावून दुसरीकडे वळला. डॉक्टर हसले नाहीत.

"कुणीच वाचलं नाही?" त्यांनी विचारलं.

"आमच्या हिच्या हातून तिघे वाचले."

"कसे काय?"

"तिने कापलं नाही. नजरेखाली ठेवले."

डॉक्टर जायचे थांबले. म्हणाले, "आणि चौथा?"

त्यांना चौथ्याचं कसं कळलं, हे मला अजून माहीत नाही. मी म्हटलं, गेला. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, भिंतीवर धरला, आणि त्यावर काहीतरी लिहून खाली सही केली. म्हणाले, परवा सकाळी घेऊन या. त्यांना काही खायला देऊ नका.

परवा सकाळी नेली. आत नेण्याआधी तिने डॉक्टरांना थांबवलं आणि स्वतःच्या हाताने पोटावर दाखवलं, इथे, आणि इथपर्यंत, आणि रात्री जास्त. मला हे तिने कधी दाखवलं नव्हतं. डॉक्टरांनी तिथे हात ठेवून विचारलं, इथे? ती म्हणाली, हो, इथेच. मग डोळे मिटले आणि म्हणाली, चला. दार मिटलं.

आत काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, आणि तेच वाईट. मला सगळं माहीत होतं. आत्ता हात धुतले असतील, आत्ता बाटली, आत्ता रेघ. एकेका पायरीवर माझ्या हातून कोण कोण गेलं होतं ते सगळे माझ्याबरोबर त्या बाकावर बसले होते. टाकेवाल्या वहिनी आल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांनी एकाही टाक्याची गोष्ट सांगितली नाही. तारमास्तर दाराकडे पाठ करून बसले. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की आतून कोणी काही सांगायला आलं तर तुम्ही बोलू नका.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा घामाने भिजले होते. म्हणाले, निघाली, पिळायला लागली होती. पुढचं तपासणी झाल्यावर सांगतो. मग तिला बाहेर आणलं. नर्सने तिच्या गालावर हलकेच थोपटून मोठ्याने हाक मारली. बराच वेळ काही नाही. मग हिचे ओठ हलले. नर्स वाकली आणि म्हणाली, पाणी मागताहेत, पण आत्ता द्यायचं नाही.

मग त्याच नर्सने माझ्या हातात एक बरणी दिली. आत औषधाचं पाणी आणि त्यात ती गाठ. म्हणाली, मागच्या इमारतीत तपासणीला नेऊन द्या, साधी आहे की वाईट ते तिथे बघतात. तारमास्तर घ्यायला पुढे झाले, मी दिली नाही. दोन्ही हातांनी धरून निघालो. लिफ्टमध्ये लोकांनी बरणीकडे पाहिलं आणि जागा करून दिली. अंगणातून चाललो. आम्हा दोघांचं एवढं मोठं दुखणं, आणि वजनाला काहीच नाही. हाताला घाम सुटला होता, म्हणून छातीशी धरली.

तिथेही खिडकी होती. आतल्या माणसाने कागद पुढे ओढला आणि वर न बघता विचारलं, काय आहे?

"गाठ."

"कुणाची?"

"माझ्या बायकोची."

"रुग्ण जिवंत की मयत?"

मी म्हटलं, काय? तो म्हणाला, अहो, इथे दोन्हीकडून येतं. रकाना आहे, भरावा लागतो.

"जिवंत," मी म्हणालो.

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. म्हणाला, हळू बोला, मला ऐकू येतं. लिहिलं, आणि बरणी घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, आधी कागद दाखवा. त्याने सुस्कारा टाकून तो माझ्याकडे फिरवला. मी चष्मा लावला, बोट ठेवलं, आणि एकेक अक्षर जुळवून वाचलं. बरोबर लिहिलं होतं. मग मी बरणी त्याच्या हातात दिली.